कोरा पंख

"आमची धाकटी ऑफिसात माश्या मारते आणि वर पगार घेते," असं ताई चारचौघांत सांगायची. धाकटी चिडायची. माश्या ती मारत नव्हती, ओळखत होती. बागाईतदारांनी पाठवलेले फोटो मोठे करून पंख, पाय, पोट बघायचं आणि ही कोण ते सांगायचं, हे तिचं काम.

परवा ताईनंच आपल्या चेरीच्या बागेतला फोटो पाठवला. तीन मिलिमीटरची पिवळट माशी, लाल डोळे. फळं अशीच अर्धीकच्ची उतरवायची, की गोडी भरेपर्यंत आठवडाभर थांबायचं, एवढंच ताईला हवं होतं. माशी नर होती. चांगल्या फळात अंडी घालणारी जी वैरीण जात, तिच्या नराच्या पंखावर काळा ठिपका असतो. याचा पंख कोरा. धाकटीनं कळवून टाकलं, "कुजक्या फळावरची आहे. बिनघोर राहा."

तेव्हापासून हिचाच जीव थाऱ्यावर नव्हता. बसली की उठायची, पाणी प्यायची, तोच फोटो उघडायची.

"खुर्चीला खिळे आहेत का?" शेजारच्या टेबलावरचे साहेब वैतागले.

"साहेब, नराला ठिपका जन्मतःच असतो?"

"छे! उमटायला आठ-दहा तास लागतात. नव्या पोरांना तूच शिकवतेस की!"

शिकवत होती ना! दुसऱ्याच्या बागेचा फोटो असता तर पाय पाहिल्याशिवाय तोंड उघडलं नसतं. घरचं काम म्हणून घाई नडली. तिनं पुढचा पाय मोठा केला. साध्या माशीच्या नराला तिथे काळ्या राठ केसांचा एक कंगवा असतो. इथे दोन होते, एकाखाली एक. म्हणजे वैरीच, आणि तोही नुकताच जन्मलेला. याच बागेतल्या फळात वाढलेला. तिनं ताईला फोन लावला.

"ताई, तोडणीला माणसं लाव. आत्ता."

"अगं, ती परवाच परत पाठवली. शेजारच्या तिघांनीही थांबवली. मीच म्हटलं, माझी बहीण सांगतेय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"ताई, मी चुकले गं. एक फळ फोडून बघ."

"फळं तर ठणठणीत आहेत. थांब." फोनवर फळ फोडल्याचा आवाज आला. "अगं बाई... आत वळवळतंय."

धाकटीला रडू फुटलं. "मी निघतेच. पडेल ते काम करते. तू म्हणशील ते."

"ये," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पण आधी त्या तिघांकडे जा. माझ्याकडे नंतर."