मुकादमाचे थांबे

कोंडीबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कुत्र्यानं दारातली जागा सोडली नाही.

ओसरीच्या पायरीशी कोंडीबांच्या चपला अजून होत्या तशाच होत्या. त्यांच्या शेजारी पुढचे पाय लांब करून, हनुवटी जमिनीला टेकवून तो पडून असे. भेटायला येणारी माणसं आत जात, बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेल्या कोंडीबांच्या फोटोपुढं हात जोडत, ज्योतीशी दोन शब्द बोलत आणि निघताना कुत्र्यापाशी थांबत. मुलीपेक्षा कुत्र्याशी बोलणं त्यांना सोपं जात असावं.

"माणसं इसरतील माय, पर ह्ये न्हाई इसरायचं," शेजारच्या पद्माबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. "तीन दिस झाले. भाकरीला शिवलं न्हाई का दुधाला शिवलं न्हाई. मालकामागं जातंय बघ."

गावातल्या एका पोरानं मोबाईलवर त्याचं चित्रीकरण करून सगळीकडं पाठवलं. पुण्याहून ज्योतीच्या कॉलेजातल्या बाईंचा निरोप आला : तुमच्या वडिलांचा कुत्रा पाहिला, रडू आलं.

ज्योतीला रडू आलं नव्हतं. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, मोजकं बोलणारी. आलेल्या-गेलेल्याचा चहा, पुण्यानुमोदनाचा दिवस, भन्तेजींचा निरोप हे सगळं तिनं कोरड्या डोळ्यांनी नीट पार पाडलं होतं. तिच्या वाटणीचं रडणं मुकादम करतोय, असं तिला वाटायचं, आणि त्याचा आधारही वाटायचा.

मुकादम हे कुत्र्याचं नाव गावानं ठेवलेलं. कोंडीबा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानात किती वेळ पाणी सोडायचं, कधी दार पाडायचं हे बघत त्यांनी एकतीस वर्षं कालव्याची भर, म्हणजे काठाचा बांध, पायी तुडवली. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून सात नंबरच्या दारापर्यंत अडीच किलोमीटर जाऊन यायचे. कुत्रा पुढं, ते मागं. "पाटकरी मागं आन् मुकादम पुढं," असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं.

त्या सात नंबरच्या दारापाशीच ते गेले. दाराच्या दगडी कठड्यावर बसले होते, ते उठलेच नाहीत. औंढ्याच्या डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. आणि प्रत्येक माणूस ज्योतीला एकच गोष्ट सांगून गेला : अचानक गेले. चालता-बोलता माणूस. कुणाला तकलीफ दिली नाही, स्वतःला करून घेतली नाही.

हा एक शब्द तिनं घट्ट धरून ठेवला होता. अचानक म्हणजे कुणालाच काही करता आलं नसतं. मुलीलाही नाही.

तसं आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांपासून, आण्णा मंदावले होते. जेवण कमी, बोलणं कमी, बोलताना मध्येच थांबणं. दुःखात माणूस असा मंदावतो हे ज्योतीनं इतक्या पुस्तकांत वाचलं होतं की आण्णांचं मंदावणं तिला ओळखीचं वाटलं. तिनं त्यांना वाचायला पुस्तकं पाठवली. रविवारच्या फोनवर ती विचारायची, "फिरायला जाता ना?" ते म्हणायचे, "रोज जातो की. फक्त मुकादम म्हातारा झालाय आता. चार पावलं टाकली की बसतो. मग मला बी बसावं लागतं." ती हसून म्हणायची, "त्याला पण पेन्शन चालू करा, आण्णा."

बाराव्या दिवशी सकाळी ती ओसरी झाडत होती. केरसुणीचं टोक मुकादमाच्या पुढच्या पायाला लागलं आणि तो किंचाळला. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या अंगणातून पद्माबाई धावत आल्या.

"काय झालं गं? मारलंस का काय त्याला?"

"नाही ओ. नुसती केरसुणी लागली."

ज्योती खाली बसली. पायाच्या मनगटाशी तिनं बोटं ठेवली. सांधा सुजला होता, आणि तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम लागत होता. दुसऱ्या पायाचा तसाच. मागच्या पायाचा गुडघा तर लिंबाएवढा. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत फुगलेल्या गोचिडी होत्या. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या.

"परवा डाव्या पायानं लंगडत पाण्यापर्यंत गेलतं," पद्माबाई म्हणाल्या. "काल उजव्यानं लंगडलं. मला वाटलं ढोंग करून राहिलं. खरं लंगडणारं रोज पाय बदलतं का?"

तेवढ्यात रस्त्यानं रतनसिंगची ऑटो चालली होती. कालव्यावर आण्णा गेल्याचं पहिल्यांदा पाहिलं ते यानंच. तो खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि गुरं-शेळ्या पाळणाऱ्या माणसाच्या सवयीनं त्यानं कुत्र्याच्या कानाची पाळी बोटांत धरून पाहिली.

"ताप हाय ह्याला. भट्टी हाय भट्टी."

"सगळे म्हणतात, आण्णांच्या आठवणीनं पडलाय," ज्योती म्हणाली.

रतनसिंगनं तिच्याकडं पाहिलं. "ताई, आठवणीनं गुडघे सुजत न्हाईत."

तो हे सहज बोलला होता. पण ज्योतीनं लगेच मुकादमाला गोधडीत गुंडाळून ऑटोत ठेवलं. बारा दिवस ते जनावर तिच्या डोळ्यांसमोर दुखण्यानं पडून होतं. आणि घर, गाव, ती स्वतः, सगळे त्याच्या निष्ठेचं कौतुक करत बसले होते.

औंढ्याच्या वाटेवर दोन्हीकडं हळद शिजत होती. कढयांचा पिवळा, मातकट वास ऑटोत शिरत होता. रतनसिंग आरशातून मागं बघत म्हणाला, "तसे ह्याचे पाय लई दिवसाचे दुखतात, ताई. कोंडीबामामा दोन वर्षांपासून सांगायचे. मी म्हणायचो, मामा बसा ऑटोत, सोडतो. तर म्हणायचे, मला काय झालंय? मुकादम दमलाय म्हणून टेकलो."

"दोन वर्षांपासून?"

"व्हय. बराबर दोन वर्षं."

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण हात हलके होते. त्यांनी कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं. मग ज्योतीलाही बघायला बोलावलं. जांभळ्या-गुलाबी गोल ठिपक्यांत कुठंकुठं पेरूच्या बियांसारखे दोन-दोन दाणे दिसत होते.

"परजीवी आहेत. गुरांना गोचीडताप होतो ना, त्याच जातीचा आजार. गोचीड चावते आणि हे रक्तात सोडते. तांबड्या पेशी फुटतात, म्हणून हिरड्या पांढऱ्या."

"आणि सांधे?"

"शरीर या किड्यांशी भांडतं, आणि त्या भांडणात सांधे सापडतात. आतून सुजतात. आज हा, उद्या तो. लोकांना वाटतं, नाटक करतंय." त्यांनी वजन पाहून इंजेक्शन भरलं. "कधीपासून आहे?"

"दोन वर्षं म्हणतात."

डॉक्टर हसले. "दोन वर्षं हा ताप अंगावर काढला असता तर हे इथं आलंच नसतं. हा आजार महिन्याचा. फार तर दीड."

"मग म्हातारपणामुळं असेल आधीचं."

त्यांनी मुकादमाचा ओठ उचलून दात दाखवले. "पाच वर्षांचं असेल हो. म्हातारं कुठलं!"

ज्योतीनं ते ऐकलं, पण तेव्हा तिचं लक्ष इंजेक्शनच्या सुईकडं होतं. पंधरा दिवसांनी दुसरं इंजेक्शन, रोज सुजेची गोळी, गोचिडींसाठी औषध, अंगणात फवारणी. "वाचेल का?" तिनं विचारलं. "बघू," डॉक्टर म्हणाले. "रक्त फार कमी झालंय. उशीर केलात."

हो, ती मनात म्हणाली. केला.

तिनं रजा वाढवली. हा एवढा तरी उठला पाहिजे, याखेरीज दुसरा विचार तिनं मनात येऊ दिला नाही. गोळी ती गुळाच्या खड्यात दाबून द्यायची. पद्माबाईंनी काळजाचं कालवण करून आणलं, भांडं देताना पुटपुटल्या, "आमी आपलं दूध ठेवून हात जोडत बसलो. त्याला दवाखाना पायजे व्हता." रोज सकाळ-संध्याकाळ ज्योती एकेका सांध्यावर हात ठेवून बघायची. सहाव्या दिवशी मनगटं निवली. दहाव्या दिवशी मागचा गुडघा उतरला. दुसऱ्या इंजेक्शनला मुकादम स्वतःच्या पायांनी ऑटोत चढला, तेव्हा रतनसिंग म्हणाला, "या मुकादम, आज ड्यूटीवर का?" डॉक्टरांनी चारही पाय वाकवून, सरळ करून पाहिले. कुठंच कण्हला नाही. "सांधे साफ आहेत. आता फिरवा त्याला."

त्यानंतरच्या एका सकाळी तो आपणहून दाराशी उभा राहिला. चपला हुंगल्या, रस्त्याकडं पाहिलं, मागं वळून ज्योतीकडं पाहिलं. ती त्याच्यामागं निघाली.

कालव्याला गव्हाचं शेवटचं पाणी सुटलेलं होतं. भरीवर ऊन कोवळं होतं आणि मुकादम पुढं दुडक्या चालीनं चालला होता. शेपूट वर, कान उभे. त्याला तसं चालताना बघून ज्योतीला महिनाभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

पुलापाशी तो थांबला. कठड्याच्या सावलीला गेला आणि बसला.

खाली बसून तिनं चारही सांधे चाचपले. थंड होते, सूज नव्हती. मुकादमानं तिचा हात चाटला आणि बसूनच राहिला. "चल ना," ती म्हणाली. तो हलला नाही. मग थोड्या वेळानं, कुणी न सांगता, उठला आणि चालू लागला.

पुढं काठावरून बगळा उडाला तसा मुकादम त्याच्यामागं सुसाट धावला, पार वळणापर्यंत. दुखऱ्या पायांचं धावणं नव्हतं ते. आणि तसाच धावत परत येताना, एका करंजाच्या झाडाखाली तो एकदम थांबला. बसला. झाडाच्या मुळावर एक दगड होता, वरून गुळगुळीत झालेला, माणसाला टेकता येईल एवढा.

ज्योती उभी राहिली. तिनं यावेळी सांधे चाचपले नाहीत.

पुलापासून करंजापर्यंत तीनशे पावलंही नसतील. करंजाखाली तो पुलापेक्षा जास्त वेळ बसला. तिसरा थांबा पाच नंबरच्या दारापाशी होता, करंजापासून आणखी जवळ. तिथं कट्ट्याच्या फटीत काहीतरी पांढरं दिसलं म्हणून तिनं काढून पाहिलं. गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. छातीत जळजळतं म्हणून किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या गोळ्या. फटीत आत आणखी होती, दुमडून खोचलेली, उन्हानं रंग उडालेली. कालव्यावर कचरा टाकायचा नाही, हा आण्णांचा नेम होता.

मुकादम म्हातारा झालाय आता. चार पावलं टाकली की बसतो.

तिनं पाकिटं मोजली नाहीत. ती परत होती तशी फटीत खोचली. आण्णांचे शब्द फोनवर जसे यायचे तसे, मध्येमध्ये थांबत आठवत होते. त्या थांबण्याला तिनं दुःख म्हटलं होतं. ते श्वास घेत होते.

सात नंबरचं दार लांबून दिसत होतं. तिथवर आणखी दोन थांबे झाले. प्रत्येक थांब्याला मुकादम बसला की तीही बसली. त्यानं उठावं तेव्हा उठली. ‘अचानक’ हा शब्द तिनं पाचव्या थांब्यावरच सोडून दिला. तो तिथं कुणाच्या तरी उपयोगाला येवो, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

सात नंबरला मुकादम दगडी कठड्याशी गेला. कठड्याच्या एका जागी त्यानं नाक टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग तो त्या जागेच्या पायथ्याशी बसला. ज्योती वर, कठड्यावर बसली. खाली दाराच्या फटीतून पाणी आवाज करत पलीकडच्या पाटात जात होतं. कुणाच्या तरी गव्हाची पाळी होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मुकादम उठला, अंग झटकलं आणि घराच्या दिशेनं चालू लागला. पंधरा-वीस पावलांवर थांबून त्यानं मागं पाहिलं. कान पुढं, मान तिरकी. हे पाहणं सरावाचं होतं. बसलेल्या माणसाला उठणं जमतंय का, हे बघणं.

"येते," ज्योती म्हणाली. पण तिला उठता आलं नाही. तिचे खांदे हलत होते आणि तोंडातून आवाज फुटत होता, आणि तो आवरावा असं तिला वाटत नव्हतं.

मुकादम थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग परत आला आणि तिच्या पायाशी पुन्हा बसला.