चित्रातली दोघं

शगुफ्तानं पुढचं चित्र मोहनरावांसमोर धरलं. चित्रात एक बाई आणि एक माणूस. दोघांचे हात वर, तोंडं उघडी.

"आजोबा, ही दोघं काय करतायत?"

अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि मोहनरावांचे शब्द गेले. पाय हळूहळू कामाला लागला, पण जीभ अडली ती अडलीच. म्हणून छबूबाई नवऱ्याला दर आठवड्याला कन्हेरीहून बारामतीला, बोलायला शिकवणाऱ्या या पोरीकडं घेऊन येत. 'जेवतो', 'झोपतो', 'धुतो' ही चित्रं आज जमली होती. या चित्रावर मात्र ते थबकले. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली.

"बो... बोलत्यात."

"जवळ आलात. भांडतायत. म्हणा, भांडतायत."

मोहनरावांनी मान हलवली.

"बोलत्यात," ते पुन्हा म्हणाले, आणि चित्रावरची नजर काढून त्यांनी बायकोकडं पाहिलं.

छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. शगुफ्ताला वाटलं, आजी हसतायत.

मोहनरावांना त्रास होईल असं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून घरात कुणाचा आवाज चढला नव्हता. छबूबाई नवऱ्याशी पाहुण्यासारख्या वागत होत्या. चहा ठेवू का, उशी देऊ का, बरं वाटतंय का. आणि आधी? आधी भाजीतल्या मिठावरून दिवस सुरू व्हायचा. एकदा त्या रुसून इंदापूरला माहेरी गेल्या, तर हे लुना घेऊन आणायला आले. परत येताना दोघं इतकी तंडली, की कपड्यांची पिशवी वाटेत पडलेली कळलीच नाही. मग ती कुणामुळं पडली, यावर घर येईपर्यंत.

परतीच्या रिक्षात छबूबाई बाहेरच्या उसाकडं बघत होत्या.

"काळी म्हैस तुमीच इकली," त्या एकदम म्हणाल्या. "चांगली दुभती म्हैस."

मोहनरावांनी चमकून पाहिलं.

"तू."

"मी? मी कवा म्हणलं इका?"

"तूच... म्हणा... लीस. लाथ... मारती."

"तुमाला मारायची. मला न्हाय कदी मारली."

रिक्षावाल्या रसूलनं आरशातून मागं पाहिलं. "आजी, आजारी मानसाशी कशाला भांडताय?"

"तू रस्त्याकडं बघ, बाबा."

मोहनरावांचा चेहरा तांबडा झाला होता. चांगल्या हातानं दांडी घट्ट धरून ते शब्दाला शब्द जोडत होते. एक आला की दुसरा निसटायचा. 'म्हैस' सापडली, 'बाजार' सापडला, आणि पुढचं अडलं.

कन्हेरी आली. रिक्षा दारात थांबली. छबूबाईंनी उतरून हात पुढं केला, पण मोहनराव उतरेनात. त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

रसूलनं इंजिन बंद केलं. छबूबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला आणि कमरेवर ठेवला.

"मग? फुडं?" त्या म्हणाल्या.