एकदा म्हणजे हो

ज्योत्स्नाने एका गुरुवारी देवळीच्या घरात, भर बैठकीत, सासऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं की तिला नोकरी करायची आहे.

असं काही झालेलं नाही. घरातल्या सगळ्यांनी तसं ठरवलं आहे, तेव्हा वाचकांनीही तसंच धरून चालावं.

गुरुवार नेहमीसारखाच होता. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, ऊन तापलं होतं आणि बबनराव टीव्हीवरच्या चर्चेतल्या चौघांनाही एकट्याने उत्तरं देत होते. बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. ते आता मुलगा प्रफुल बघायचा आणि बबनराव देश बघायचे.

अशात दारात प्रेरणा आली. वर्ध्याची पोरगी, हातात टॅब. दिल्लीच्या एका संस्थेचं संशोधन चालू होतं: मतदारांपुढचे आर्थिक प्रश्न कोणते? महागाई, बेरोजगारी, शेतमालाचा भाव, की आणखी काही.

"ये बेटा, ये! बस!" बबनरावांनी स्वतः पंखा वाढवला. त्यांचं मत विचारायला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी घरी आलं होतं. "विचार. काई बी विचार."

"काका, आधी घरातले मतदार सांगा."

"दोन. मी अन् प्रफुल."

"बायका?"

"त्या तं घरच्याच आहेत."

"घरच्याच लिहायच्या आहेत, काका."

मग सुमित्राबाई आणि ज्योत्स्ना अशी आणखी दोन नावं निघाली. ती टाकल्यावर टॅब स्वतःच एकाला निवडतो, आणि उत्तरं त्यानेच द्यायची असतात. टॅबने ज्योत्स्नाला निवडलं.

"बिघडलं वाटते," बबनराव म्हणाले. "पुन्हा दाब."

"पुन्हा दाबता येत नाही."

"मंग विचार मले, मी सांगतो तिचं. ती बोलत नाई माह्यासंग."

भांडण नव्हतं. रीत होती. या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. सासऱ्याने बैठकीतून विचारायचं, सुनेने आत ओट्यावर वाटी आपटायची. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही, असं सुमित्राबाईंनी तिला लग्नाच्या आठवड्यातच शिकवलं होतं, पण दोनदा वाजवल्याचं त्यांच्याही ऐकण्यात नव्हतं.

ज्योत्स्ना एम.एस्सी., बी.एड. बबनरावांनी शिकलेलीच सून पाहिजे म्हणून चार स्थळं नाकारली होती. लग्नपत्रिकेत तिच्या नावापुढे दोन्ही पदव्या ठळक छापल्या. छापून झाल्यावर पदव्यांचं काम संपलं.

माहेरी गेली असताना ती पुलगावच्या एका शाळेत मुलाखत देऊन आली होती. विज्ञानाची शिक्षिका. सोमवारी रुजू व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला. प्रफुलला तिने सांगितलं. तो म्हणाला, "मले काई हरकत नाई. बाबाले विचारजो." बाबांना विचारायचं कशाने? वाटीने उत्तर देता येतं, प्रश्न विचारता येत नाही.

प्रेरणाने आतल्या दाराकडे पाहत पहिला प्रश्न विचारला. "ताई, तुमच्या मते देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता?"

"बेरोजगारी!" बबनराव म्हणाले. "शिकले-सवरलेले घरी बसून राह्यले. पाप आहे पाप! सरकार काऊन पाहत नाई याच्याकडे? बरोबर ना वो?"

आत वाटी वाजली. एकदा.

"पाह्य."

"तुम्ही सध्या काही काम करता?"

"घर सांभाळते. सुखी आहे."

वाटी एकदा.

"काम मिळालं तर कराल?"

"नाई नाई. गरज काय आहे तिले? लिही, नाई. बरोबर ना वो?"

आत वाटी वाजली. थोडं थांबून पुन्हा वाजली.

बबनरावांनी छताकडे पाहिलं. "मांजर शिरलं वाटते."

पुन्हा दोनदा.

"प्रफुलची माय! दुधावर झाकण ठेव, मांजर आहे!"

तेव्हा पडदा सरकला. डोक्यावर पदर, हातात वाटी. "मांजर नाई, मामाजी," ज्योत्स्ना म्हणाली. "मी आहो. मले काम कराचं आहे. पुलगावच्या शाळेत लागलं आहे. सोमवारी जाचं आहे."

आवाज अगदी साधा होता.

बबनरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग प्रेरणाकडे वळून म्हणाले, "चाय घेशीन ना बेटा? आमच्याइथं चाय लई चांगली असते."

जेवताना प्रफुलने भाजीत मीठ बरोबर असल्याचं दोनदा सांगितलं.

प्रेरणाने टॅबमध्ये 'काम करण्याची इच्छा: होय' असं नोंदवलं होतं. शनिवारी दिल्लीहून फेरपडताळणीचा फोन आला. नंबर घरचा, म्हणजे बबनरावांचा.

"ज्योत्स्नाजी से बात हो सकती है?"

"हाँ, बोल रहा हूँ," बबनराव म्हणाले.

'उत्तरदात्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले' अशी नोंद झाली आणि 'होय'चं 'नाही' झालं.

सोमवारी सकाळी ज्योत्स्ना डबा घेऊन निघाली. बैठकीतूनच निघाली, दुसरं दार नव्हतं. बबनराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा वर धरला. तिने विचारलंच नव्हतं, तेव्हा नाही म्हणायचं कशाला? ती बसस्टँडवर गेली, पुलगावच्या गाडीत बसली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काहीच आलं नाही, फक्त पुलगाव आलं.

घरी बबनरावांनी हाक दिली, "सूनबाई, चाय ठेवली का?"

सुमित्राबाई स्वयंपाकघरात एकट्या उभ्या होत्या. त्यांनी चहा ठेवला, मग वाटी उचलली आणि ओट्यावर आपटली. एकदा.

तेव्हापासून रोज असंच. बबनराव विचारतात, वाटी वाजते. शाळेच्या वेळेत कोणी घरी आलं तर ज्योत्स्ना 'आत कामात' असते. एकदा ती बसमध्ये चढताना पडली. गुडघा फुटला, साडी फाटली. चार दिवस लंगडत फिरली. घरातच असलेली बाई बसमधून पडेल कशी, म्हणून कोणी विचारलं नाही. सुमित्राबाईंनी हळद लावली.

मतदानाला तिला कोणी अडवलं नाही. चौघं मिळून गेले, बोटाला शाई लावून आले. मशीनही एकदाच वाजतं.

अहवाल आला तेव्हा पेपरात छापून आलं: या भागातले मतदार बेरोजगारीने चिंतित आहेत, मात्र पाहणी केलेल्या घरांत महिलांची बेरोजगारी आढळली नाही. बबनरावांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. "बरोबर ना वो?"

सुमित्राबाईंनी वाटी उचलली. बराच वेळ हातात धरून ठेवली. मग एकदाच वाजवली. दुसऱ्यांदा हात उठला होता, पण वाटी तिथेच हवेत राहिली.

प्रेरणाने अहवाल वाचला, पुलगावच्या शाळेत जाऊन ज्योत्स्नाकडून वाटीचं सगळं ऐकलं आणि संस्थेला अर्ज पाठवला. अजून पोच आलेली नाही.

"प्रति, मा. संशोधन प्रमुख. विषय: देवळी येथील एका नोंदीच्या दुरुस्तीबाबत. महोदय, सदर महिलेचे मूळ उत्तर तिच्या स्वतःच्या तोंडून मिळालेले असून ते ग्राह्य धरावे. तसेच पुढील निवडणुकीपूर्वी फेरपडताळणी करताना घरच्या क्रमांकावर फोन न करता सदर महिलेस समक्ष विचारावे. शाळेच्या वेळेत घरी जाऊ नये. त्या वेळेत ती घरी नसते. वाटी वाजली तरी नसते. कळावे, ही विनंती."