कोंडाबाईंनी पाहिलेली भिंत

“कुठंय मग तुमचं काम?” कोंडाबाईंनी विचारलं, आणि त्यांचा नवरा, आमचा वायरमन दादाभाऊ, कोऱ्या भिंतीसमोर उभा राहून नुसता हसला.

मला तर बाई रागच आला. हसतो काय हा माणूस? दोन हजार नऊची दिवाळी तोंडावर आलेली. आमच्या यांनी, पारसनी, पुण्याहून चपटा टीव्ही आणला होता. ओतूरच्या आमच्या घरात माडीवरच्या खोलीत तो भिंतीवर लागायचा होता आणि वायर म्हणून एक दिसायला नको, असा हुकूम होता. दादाभाऊ रोज मढहून एसटीने यायचा, छिन्नीने भिंत खणायचा. आम्ही घरभर सिमेंटची धूळ खाल्ली. आणि आता बायकोला दाखवायला काहीच नाही!

“म्या उगं न्हाई आले ताई,” कोंडाबाई मला म्हणाल्या. “माझ्या भावानं, सावळेरामनं, चाकणला कंपनीत वॉचमनची जागा बघितलीया. ड्रेस हाय, शिट्टी हाय, गेटावर माणूस दिसतो तरी. ह्यांचं काम भिताडात जातं. लोक इचारत्यात, नवरा काय करतो? काय दावू? आज बघून ठरवनार. नाय पटलं तर उद्याच चाकणला.”

दादाभाऊने मान खाली घातली. “मला वायरीचंच काम आवडतं वो वयनी,” एवढंच हळू बोलला.

मग मात्र मला राहवेना.

“अहो कोंडाबाई, ऐका तरी! दादाभाऊ स्विचपासून सरळ वर खणत होते, तर प्लास्टर फुटलं आणि मुंग्याच मुंग्या बाहेर. तोंडात पांढरी अंडी! आमचे हे म्हणाले, झाडू मारा अन् चालू द्या. आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या जैन, मुंगीही मारू द्यायच्या नाहीत. त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. म्हणाल्या, आधी मला उठवा. दुसरा असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. तुमच्या मालकांनी काय केलं माहितेय?”

“काय केलं?”

“छिन्नी पिशवीत टाकली. म्हणाले, आजी, त्यांचं घर हाय, ऱ्हाऊ द्या. मीच वळसा घेतो. खिडकीखालून, पार कोपऱ्यातून वायर फिरवली. दुप्पट खणलं! आधीची खाच बुजवली, पण मुंग्यांना यायला-जायला खाली फट ठेवली.”

“लई सांगता राव वयनी,” दादाभाऊ पुटपुटला.

कोंडाबाई पदर खोचून भिंतीजवळ गेल्या. “घरच्या कुडाच्या भिती म्या सारवते,” म्हणाल्या. “डोळं फसत्यात, हात न्हाई फसत.” स्विचपाशी तळहात टेकवला. पुट्टी घासलेली होती, रंग अजून लागायचा होता. हात खिडकीखालून सावकाश सरकला, थांबला, मागे आला, पुन्हा गेला. दादाभाऊ श्वास धरून उभा. मीही, खोटं कशाला बोलू? हात कोपरा वळून टीव्हीच्या जागेपर्यंत पोचला.

“घावत न्हाई,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, जरा दटावूनच, “कुठं उंचवटा बी न्हाई, खड्डा बी न्हाई. इतकी वर्सं घरी सांगायला काय झालं व्हतं?”

“सांगून काय दिसतंय व्हय?”

“सावळेरामला फोन लावा. म्हणावं, दुसरा मानूस बघ.”

दादाभाऊने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिला.

सासूबाईंनी दिवस मावळायच्या आत दोघांना जेवू घातलं. जेवायला बसताना मी हात धुवायला तांब्या पुढे केला. कोंडाबाईंनी हात मागे घेतला. “डाव्या हातावर घाला ताई,” म्हणाल्या. “त्यानंच खाते आज.”

उजवा तळहात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता. पुट्टीने पांढरा झालेला.