फणसातली सासू

आमचा फणस श्रावणातल्या वादळात पडला. पडताना त्याने फारसं नुकसान केलं नाही, फक्त आमची न्हाणी हवेशीर झाली. वाडीतल्या सागरदादाने करवत लावून खोडाचे पाच ओंडके केले, अंगणात ओळीने मांडले, आणि तेव्हापासून बाबा त्यांच्याभोवती फिरताहेत. सकाळच्या चहाआधी सात फेऱ्या. चहानंतरच्या मी मोजत नाही.

बाबा तीस वर्षं बोटीवर खलाशी होते. दर फेरीला ते एकेका ओंडक्याला कान लावतात. आतून भुंग्याची कुरकुर येते. मग ते सरळ होतात आणि म्हणतात, "बघू."

हे 'बघू' तीन महिने चाललं होतं. माझ्याकडे मात्र सोमवारपर्यंतच वेळ होता.

मी ठाण्याला एका मोबाईल कंपनीच्या तक्रार विभागात सात वर्षं होतो. लोक फोनवर ओरडायचे आणि मी म्हणायचो, आपली गैरसोय समजू शकतो. एक दिवस आईने फोनवर विचारलं, "जेवलास का?" मी म्हटलं, आपली गैरसोय समजू शकतो. त्यानंतर मी रजा टाकून गावी आलो. वेळणेश्वरच्या रस्त्यावर एक बंद शेड मिळत होती. तिथे खानावळ काढायची, डिसेंबरात पर्यटक आले की माशाचं जेवण वाढायचं. टेबलं आणि बाकडी आमच्या फणसाची. विकतची घेतली असती तर ताटात वाढायला काही उरलं नसतं. आता समर्थ सरांनी कळवलं होतं: सोमवारी हजर व्हा किंवा होऊ नका. सर तसे लोकशाही मानणारे आहेत.

म्हणजे सोमवारपर्यंत फळ्या पडल्या तर मी इथे, नाही पडल्या तर ठाण्याला.

ओंडके गुहागरच्या आरागिरणीवर नेणं शक्य नव्हतं. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे, तिथून बकरीसुद्धा विचार करून उतरते. पण दीपक नावाचा एक जण फिरती आरागिरणी चालवतो. लाकूड गिरणीकडे जात नाही, गिरणी लाकडाकडे येते. मशीनचे सुटे भाग चौघांच्या खांद्यावरून वर चढवायचे, अंगणात जोडायचे, आणि संध्याकाळपर्यंत फळ्या. शनिवारी तो ओंडके बघायला आला. मंगळवारी तो वेंगुर्ल्याकडे निघणार होता आणि शिमग्याशिवाय परतणार नव्हता.

"आधी एक सांगा," दीपक बाबांना म्हणाला. "लाकडात लोखंड आहे का? खिळा लागला तर पातं तुटतं. तुटलेल्या पात्याचा खर्च तुमच्या अंगावर."

"बघू," बाबा म्हणाले.

कुंपणापलीकडून आनंदीकाकींचा आवाज आला. काकींचं वय ऐंशीच्या पुढे, आणि कुंपण त्यांना फक्त ऐकायला लागतं.

"खिळा हाय. माजी सासू हाय त्यात."

दीपकने माझ्याकडे बघितलं. मी त्याची गैरसोय समजू शकत होतो.

काकी कुंपणातल्या खिंडीतून आत आल्या आणि पहिल्या ओंडक्यापाशी उभ्या राहिल्या. "मेल्यावर पण म्हातारी सुनांना सोडीना. रोज चुलीतलं लाकूड बाहेर ओढायची. मग केरू भगताने खिळा मारून तिला हितं बसवली. चाळीस वर्षं गप हाय. आता तू कापलास नि ती सुटली, तर जाणार कुठं? माज्याकडंच ना!"

"काकी, पण तुमच्याकडे आता गॅस आहे," मी म्हटलं.

"मेल्या, गॅसचं बटण फिरवील ती! हुशार होती."

दीपकने पिशवीतून धातू शोधायचं यंत्र काढलं. क्रिकेटच्या बॅटसारखं. पहिल्या ओंडक्यावर धरल्याबरोबर ते जे वाजायला लागलं ते थांबेना. दीपक मोजत गेला. सतरा.

"सासवा किती होत्या तुमच्या?" त्याने काकींना विचारलं.

यंत्राचा आवाज ऐकून वाडी गोळा झाली. एकेक उलगडा व्हायला लागला. केरू भगताला आमचा फणस सोयीचा पडायचा, रस्त्यात होता. कुणाचा चुलता त्यात होता, कुणाची विहिरीवरची बाई. खालची जागा भरली तसा केरू शिडी आणायला लागला. बाबूकाकांनी तर स्वतःची दारू त्यात ठोकून घेतली होती. ती मात्र नीट ठोकली गेली नव्हती, हे बाबूकाका ज्या पद्धतीने उभे होते त्यावरून दिसत होतं.

आणि आम्ही चाळीस वर्षं त्या फणसाचे गरे खात होतो.

"पहिला ओंडका विसरा," दीपक म्हणाला. "हे लाकूड नाही, हार्डवेअरचं दुकान आहे."

काकींनी सुटकेचा श्वास सोडला आणि सासूच्या अंगावर बसून घेतलं.

दुसरा आणि तिसरा दीपकने हातोडीने वाजवून बघितला. भद्द आवाज आला. साल उचकटली तर आत पिवळा भुसा. "तीन महिन्यांपूर्वी बोलावलं असतं तर सोनं होतं," तो म्हणाला. बाबांनी ऐकलं आणि फेरी सुरू केली. पाचवा बारीक होता, बाकड्यांच्या पायांपुरता. राहिला चौथा. सरळ, लांब, आतून टणक. माझी पाचही टेबलं त्या एकट्यात होती.

दीपकने त्यावरून यंत्र फिरवलं. काही नाही, काही नाही, आणि बरोबर मधोमध एकदाच, बारीकसं, वाजलं.

"एकच आहे, वरच आहे," दीपक म्हणाला. "छिन्नीने काढतो. पाच मिनिटं."

"तो नको," बाबा म्हणाले.

बाबांच्या तोंडून तीन महिन्यांत 'बघू'शिवाय निघालेला हा पहिला निर्णय. ते थांबलेही होते. त्यांना थांबलेलं बघायची सवय नसल्यामुळे कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या.

"बाबा, कोण आहे त्यात?"

"कुणी नाही. ठेव तो."

"कुणी नाही तर काढू दे की! सोमवार आलाय डोक्यावर!"

"म्हटलं ना, ठेव!"

मीही फिरायला लागलो. ते या बाजूने, मी त्या बाजूने, मध्ये ओंडका. दीपक छिन्नी घेऊन उभा. आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"सांगा की त्याला," ती म्हणाली. बाबा फिरतच राहिले, तेव्हा तिनेच सांगितलं. "तू आहेस त्यात."

"मी?"

"ठाण्याला गेलास तेव्हा ह्यांनी केरूला बोलावला. म्हातारा शिडीवर चढेना, तर ह्यांनीच चढून मारला. पोरगा परत यावा म्हणून."

"पण खिळा तर माणसाला अडकवायला मारतात ना? काकींच्या सासूसारखा?"

"तो वेगळा," काकी ओंडक्यावरून म्हणाल्या. "परत न यायचा खिळा वेगळा, परत यायचा वेगळा."

"फरक काय?"

काकींनी विचार केला. "केरूला ठाऊक. दोनी एकाच पुडीत असायचे."

बाबा खोडावरच्या त्या जागेकडे बघत होते. तिथे साल जुळून आली होती, जखम भरावी तशी. सात वर्षं मी तक्रारी ऐकत होतो, आणि एक माणूस माझ्याबद्दलची तक्रार झाडाला सांगून बसला होता. मला फोन केला नाही. केला असता तर मी काय उत्तर दिलं असतं, ते आपल्याला माहीत आहे.

"बाबा, खिळा काढला तर मी जाईन असं वाटतं ना तुम्हाला?"

बाबांनी त्या जागेवर तळहात ठेवला.

"आणि नाही काढला तर फळ्या नाहीत. म्हणजे सोमवारी मी नक्की जाणार. हे कसं जमवायचं?"

"म्हणून तर म्हणतो," बाबा म्हणाले, "बघू."

तीन महिन्यांनी मला त्या शब्दाचा अर्थ कळला. माणूस दोन्ही बाजूंनी फिरून बघत होता आणि दोन्ही बाजूंनी मी जात होतो.

मी दीपकला विचारलं, खिळ्याच्या अलीकडे हातभर आणि पलीकडे हातभर सोडून ओंडका तोडला तर?

"तोडता येईल. दोन तुकडे पडतील, मध्ये खिळ्याचा ठोकळा उरेल. पण फळ्या आखूड. टेबलावर चौघं मावणार नाहीत, दोघंच."

"मग घरची माणसं घेऊन आलेल्याने कुठं बसायचं?" काकींनी विचारलं.

"नवरा-बायको एका टेबलावर, पोरं दुसऱ्यावर, सासू तिसऱ्यावर."

"हे बेस हाय," काकी म्हणाल्या.

मी बाबांकडे बघितलं. हे काही माझ्या एकट्याने ठरवायचं नव्हतं. बाबा ओंडक्याजवळ गेले, कान लावला, नुसती वीत टेकवून दोन्हीकडे हातभर अंतर मोजलं, मग एका बाजूला आणखी चार बोटं वाढवली आणि खडूने रेघ मारली.

"हितून काप," ते दीपकला म्हणाले. "मशीन कधी आणतोस?"

रविवारी चौघांनी मशीन पाखाडीवरून वर आणलं. जोडण्यात दिवस गेला. सोमवारी सकाळी पातं फणसात शिरलं आणि वाडीभर ओल्या पिवळ्या लाकडाचा वास सुटला. बाबा चहाआधी एकच फेरी मारून पडवीत बसले. तेवढ्यात समर्थ सरांचा फोन आला. मी खिळ्याच्या ठोकळ्यावर बसलो होतो, तो तेवढ्यापुरता उंचीला बरोबर होता.

"शुभंकर, आलास का ऑफिसला? आवाज कसला येतोय?"

"सर, टेबल होतंय."

"काय? काही ऐकू येत नाहीये!"

"आपली गैरसोय समजू शकतो," मी म्हटलं, आणि पहिली फळी धरायला उठलो.

परत येऊन बघतो तर ठोकळ्यावर बाबा बसले होते, दोन्ही पाय फाकवून, वाऱ्यात होडी जागेवर धरून ठेवावी तसे.