माझ्यावर न बसलेली माणसे

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्चीवर माणसे बसतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण गेली कित्येक वर्षे माझ्यावर जी माणसे बसवली जातात, ती इथे आलेलीच नसतात.

सुताराने मला एका फोटो स्टुडिओसाठी घडवले. माझ्या हातांवर वेलबुट्टी कोरली, चकचकीत पॉलिश केले. नवी जोडपी यायची. नवरा माझ्यावर ऐटीत बसायचा आणि नवरी मागे उभी राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. खुर्ची काय झोकदार आहे, असे कुणी म्हटले की मी फुलून जायचे. पुढे लोक आपले फोटो आपणच काढू लागले. स्टुडिओ बंद पडला आणि मी अडगळीत धूळ खात पडले. तिथून एका समुपदेशक ताईंनी मला आपल्या खोलीत आणले.

घरी मारहाण सोसलेल्या बायका त्यांच्याकडे येतात. ताई मला त्यांच्यासमोर ठेवतात आणि सांगतात, की इथे तुमचा नवरा बसला आहे असे समजा. जे कधी बोलता आले नाही ते बोला. कुणी रडते, कुणी शिव्यांची लाखोली वाहते. मी निमूटपणे ऐकते. मला राग येत नाही, पण वाईट फार वाटते.

एकदा लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एक बाई आली. नवऱ्याला समोर बसवायला सांगताच ती चटकन उठली आणि तिने मला रुमालाने पुसून काढले. धूळ दिसली तर तो चिडेल, म्हणाली. नवरा तर पार दुसऱ्या गावात होता. पुसून झाल्यावर ती रुमालाची घडी घालत उभीच राहिली.

तिचे मागणे साधे होते. तिला पूर्वीसारखी प्रार्थना करायची होती. पण डोळे मिटले की तो मागून येतोय असे वाटायचे आणि ते खाडकन उघडायचे. तिची आई बाहेर बाकावर बसायची. माफ करून टाक म्हणजे देव पावेल, असे ती लेकीला सारखे सांगायची. माफी काही जमेना, म्हणून लेक स्वतःलाच पापी समजू लागली होती.

ताई म्हणाल्या, की माफीची घाई नको आणि प्रार्थना उघड्या डोळ्यांनीही होते. मग त्यांनी विचारले, "आज नवऱ्याला राहू दे. देवाला बसवायचं का इथे?"

बाई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तेव्हा कुठे होतास रे तू?"

आणि ती हमसून हमसून रडली. देवाने उत्तर दिले नाही. मी तर त्याच्या सर्वांत जवळ होते, मलाही काही ऐकू आले नाही. पण तिने देवाला बोल लावला आणि आभाळ काही कोसळले नाही.

ते रडणे ऐकून आई आत आली. ताईंनी तिला एवढेच सांगितले, की आता उपदेश पुरे. लेकीजवळ जाताना आधी आवाज देत जा.

पुष्कळ महिने गेले. परवा ती माझ्यासमोर हात जोडून, डोळे मिटून बसली होती. बाहेर पावले वाजली. तिचे खांदे ताठ झाले. तेवढ्यात लांबूनच आई म्हणाली, "अगं, मीच आहे. येऊ का?"

डोळे न उघडताच ती म्हणाली, "ये."

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत पावलांना दचकणारे कुणी असेल. का दचकतेस, असे तिला विचारत बसू नका. दारातूनच हाक मारा आणि ती 'ये' म्हणेपर्यंत तिथेच थांबा.