पाळकाचा पाळक

ठेकेदार हसत हसत बोलला, म्हणूनच पाळक जास्त घाबरले.

रविवारची उपासना संपली होती. पाळक चर्चच्या दाराशी उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. ठेकेदाराने हात धरला तो सोडेचना. "पाळकसाहेब, तुमच्या बाई शाळेतून एकट्याच येतात ना? पुलाखालून? तिथं फार सामसूम असते हो. जपा." मागे उभ्या असलेल्या म्हातारीला तर ती आपुलकीच वाटली.

पाळकांना त्याचा अर्थ बरोबर कळला: ही धमकी होती, त्याला संशय आला होता. बुधवारी भरदुपारी ठेकेदाराची बायको मागच्या दाराने आली होती. एका हाताला लेक, दुसरा हात सुजून टम्म. "घरी पाठवू नका," एवढंच म्हणाली. चर्चमागच्या खोलीत जास्तीच्या खुर्च्या ठेवलेल्या असत. त्या सरकवून पाळकांनी दोघींसाठी गाद्या घातल्या. त्या अजून तिथंच होत्या. आजचा उपदेश त्यांनी त्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून केला होता. पोरीला खोकला झालेला. मंडळी गात होती तोवर ठीक, पण गाणं थांबलं की पाळकांचा श्वासही थांबायचा. आणि ठेकेदार पुढच्याच बाकावर.

सांगणार कोणाला? ठेकेदार स्वतः मंडळीचा पंच, बाकीचे पंच त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. पोलीस चौकीतही त्याची रोजची उठबस.

"त्या पाळक संघात जा," पाळकीणबाई घरी आल्यावर म्हणाल्या.

"तिथं काय होतं? चार पाळक जमले की प्रार्थना लांबते आणि चहा गार होतो."

"मग गार चहा प्या. पण जा. पुलाखालून मला जायचंय, तुम्हाला नाही."

गावातल्या निरनिराळ्या चर्चच्या पाळकांच्या या संघाने त्यांना पूर्वी दोनदा बोलावलं होतं. पाळकांनी टाळलं होतं. त्यांची मंडळी छोटी, कुठल्या मोठ्या चर्चशी न जोडलेली. मोठ्या चर्चवाल्यांशी घसट वाढली तर आपली माणसं तिकडे जातील, ही धास्ती त्यांनी कोणाला कधी बोलून दाखवली नव्हती.

सोमवारी सकाळी ते गेले. लांब टेबलाभोवती आठनऊ पाळक बसले होते. त्यातले दोघे दफनभूमीच्या किल्लीवरून हमरीतुमरीवर आले होते. पाळक दाराजवळची खुर्ची धरून बसले. संघाच्या अध्यक्ष एक वयस्कर पाळकबाई होत्या. त्यांनी किल्लीचं भांडण हातानेच थांबवलं आणि विचारलं, "तुम्ही कसे आहात?"

"प्रभूच्या कृपेनं ठीक."

"ते आम्ही सगळेच म्हणतो. मंडळीचं तुम्ही बघता. तुमचं कोण बघतं?"

पाळकांनी समोरच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. यांच्यातलाच कोणी ठेकेदाराचा मित्र निघाला तर? तरी ते बोलले, सगळं बोलले.

कोणी उपदेश केला नाही. एका जाडजूड पाळकाने नुसतं विचारलं, "त्या दोघी आत्ता कुठं आहेत? खोलीतच? मग आधी त्यांना हलवू. माझी गाडी बाहेरच आहे."

"तो मला मारेल," पाळक म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

समोरच्या सडपातळ पाळकाने ओठ वर करून दाखवले. "हे दोन दात नकली आहेत. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी एकटा होतो. आता कोणी आला तर त्याला आठ जणांची तोंडं बघावी लागतील. संघ त्यासाठीच आहे. नाहीतर तो चहा प्यायला कोण येतंय?"

दुपारी गाडी चर्चच्या मागच्या दाराशी लागली. सभेचे स्पीकर रचले, मधे त्या दोघी बसल्या, वरून जाड पडदा टाकला. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचते तोच ठेकेदाराची जीप आडवी आली.

"काय नेताय?" त्याने काचेवर टकटक केली.

"स्पीकर. आमच्याकडे सभा आहे. या ना तुम्ही पण," जाडे पाळक म्हणाले.

तेवढ्यात पोर खोकली. शेजारी बसलेले पाळक मागे वळणार होते. पण जाडे पाळक लगेच खोकायला लागले, असे की डोळ्यांत पाणी आलं. "दमा," ते कसंबसं म्हणाले आणि तोंड पुढे करून काचेबाहेर खोकत राहिले. ठेकेदाराने किळसून मान मागे घेतली. जीप हलली. गाडी पुढच्या चौकापर्यंत गेली. मग पडद्याखालून ती बाई रडायला लागली.

अध्यक्षबाईंनी मायलेकींना आपल्या घरी ठेवून घेतलं, आईचा हात डॉक्टरला दाखवला. संघाच्या ओळखीच्या वकीलबाई आल्या. तक्रार द्यायला ती गेली तेव्हा सोबत पाच पाळक चौकीत जाऊन बसले, आणि तक्रार लिहून होईपर्यंत उठले नाहीत. पाळकीणबाईंना शाळेतून आणायला रोज कोणा ना कोणा पाळकाची बायको जाऊ लागली.

पुढच्या रविवारी ठेकेदार आला. संघातले तिघे पाळकही आपापल्या उपासना उरकून येऊन मागे बसले होते. बायबलमधलं वचन वाचताना पाळक मधेच अडकले. मागच्या बाकावरून नकली दातवाले पाळक उठले, शेजारी येऊन उभे राहिले आणि राहिलेलं त्यांनी वाचलं. दाराशी ठेकेदाराने पुन्हा हात धरला. या वेळी तो हसत नव्हता.

"माझी बायको कुठंय?"

"ती सुखरूप आहे," पाळक म्हणाले. "कुठं आहे ते मी सांगणार नाही."

ठेकेदाराने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिथं ते तिघे पाळक उभे होते. तो हात झटकून निघून गेला. पुढे कोर्टाने त्याला बायकोच्या आसपास फिरकायला मनाई केली. त्याने मंडळी सोडली, आणि त्याच्या पाठोपाठ तीन कुटुंबांनीही.

पाळकांनी ते पुढच्या बैठकीत सांगितलं. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं. "आणि झोप?"

"येत नाही. दारापाशी जरा खुट्ट झालं तरी उठून बसतो."

"बरं," त्या म्हणाल्या, "मग आज आधी तुमच्या झोपेसाठीच प्रार्थना करू. किल्लीचं नंतर बघू."